शेततळ्याची राखण कुणाकडे?

ताई, नमस्कार.

आम्ही तासगाव तालुक्यात मळ्यातच राहतो. अडीच एकर द्राक्षबाग आहे. दोन वर्षांमागं घरापासून शंभर पावलांवर शेततळं काढलं, कागद अंथरला, पाणी भरलं. मला नऊ वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा आहे. गेल्या महिन्यात बागेत बायका कामाला होत्या. मुलाला मुलीवर सोपवून मी त्यांना चहा द्यायला गेले. आले तर तो अंगणातल्या हौदात पालथा पडलेला. पाणी जेमतेम माझ्या गुडघ्याएवढं. ओढून काढला, खोकला, रडला, वाचला. ओसरीवर चार माणसं बसली होती, हौद तिथून दिसतो, पण कुणालाच काही ऐकू आलं नाही. हे कसं?

तेव्हापासून शेततळ्याकडं बघितलं की माझ्या पोटात गोळा येतो. जाळी मारू म्हटलं तर मालक म्हणतात, पुढच्या हंगामाला बघू. सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. ते म्हणतात, "आम्हाला विहिरीत ढकललं तवाच आम्ही पवायला शिकलो. पोराला आत्ताच पाण्यात टाका, भ्या जाईल." मे महिन्यात नणंदेची बारा आणि चौदा वर्षांची मुलं इचलकरंजीहून येतील. त्यांना कालवा आणि नदी सोडून दुसरं सुचत नाही. मी काय काय करू? आबांशी वाद न घालता कसं बोलू?

आणि एक. त्या दिवशी लेकीला मी फार बोलले. मारलंही. आता ती भावाला कडेवर घेत नाही, हौदाकडं फिरकत नाही. ते मला खुपतंय.

— एक आई

*

ताई,

ओसरीवर चार माणसं असून कुणाला ऐकू आलं नाही, कारण ऐकू येण्यासारखं काही घडलंच नव्हतं. बुडणारा माणूस हात हलवून "वाचवा" म्हणून ओरडतो, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. प्रत्यक्षात तोंड पाण्याखाली जातं, क्षणभर वर येतं, त्या क्षणात जेमतेम श्वास घेता येतो, ओरडायला सवडच मिळत नाही. हात आपोआप दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबत राहतात, हाक मारायला वर उचलताच येत नाहीत. लांबून बघणाऱ्याला वाटतं, पोरगं खेळतंय. आणि हे सगळं वीस सेकंद ते एक मिनिट, एवढ्यात आटोपतं. तीन वर्षांच्या मुलाचं तर तेवढंही नसतं. त्याचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं. हौदात किंवा बादलीत वाकला की तोल जाऊन डोकंच आधी खाली जातं, आणि हातांनी रेटून वर यायची ताकद त्याच्यात नसते. म्हणून त्याला खोल पाणी लागत नाही. नाक-तोंड बुडेल एवढं पाणी पुरतं.

मी तीस वर्षं ग्रामीण भागात परिचारिका म्हणून काम केलं. पाण्यातून काढून आणलेली मुलं मी पाहिली आहेत, त्यातली काही परत घरी गेली, काही नाही. ज्यांच्या घरी हे घडलं, ते एकजात हेच म्हणायचे की "आम्ही सगळी तिथंच होतो." एका लग्नघरात मांडवात शंभर माणसं होती आणि पाणी साठवलेल्या पिंपात दीड वर्षाचं लेकरू. जिथं सगळे असतात, तिथं प्रत्येकाला वाटतं की कुणीतरी बघतंय. म्हणून माझं सगळं सांगणं एका गोष्टीभोवती फिरणार आहे. पोरांवरची नजर कुणाच्या तरी नावावर असायला हवी, आणि ती नजर चुकेल त्या घडीला पोर आणि पाणी यांच्यामध्ये काहीतरी आडवं असायला हवं.

तुम्ही बागायतदार आहात, तुम्हाला हे वेगळं समजावायला नको. मणी गोड व्हायला लागले की पाखरांपासून बाग राखायला माणूस ठेवता. तेव्हा "सगळेच बघू" असं म्हणत नाही. आज राखण अमक्याची, असं ठरतं, आणि तो जेवायला उठला तर दुसऱ्याला सांगून उठतो. पोरांची राखण अशीच ठरवा. मोठ्यानं, नाव घेऊन म्हणा, "मी चहा द्यायला चालले, आता हा तुमच्याकडं." समोरच्यानं "बरं, माझ्याकडं" म्हणेपर्यंत पाऊल उचलायचं नाही. ज्याच्याकडं राखण आहे त्यानं तेवढा वेळ मोबाइल बाजूला ठेवायचा. पाण्याजवळ असाल तर पाच वर्षांखालचं मूल हाताच्या अंतरावर असावं, नुसत्या नजरेच्या टप्प्यात असून भागत नाही. आणि राखण मोठ्या माणसाचीच. नऊ वर्षांच्या मुलीची नव्हे. याकडं मी शेवटी पुन्हा येते.

आता आडव्या गोष्टी. सुरुवात घरापासून करू, कारण लहान लेकराला धोका घराजवळच जास्त. हौदाला झाकण करून घ्या. लोखंडी चौकटीवर जाळी ठोकलेली असली तरी चालेल, मात्र मुलाला उचलता येऊ नये आणि तो वर चढला तर वाकू नये. फळी नुसती टाकून ठेवू नका, ती सरकते. पिंपांना झाकणं. फवारणीचं औषध कालवायचं दोनशे लिटरचं बॅरल बागेच्या कडेला पाण्यानं भरून उघडं असतं, त्यालाही झाकण, कारण तिथं पाण्याबरोबर औषधाचाही धोका. बादली वापरून झाली की पालथी. आपल्याकडं पाणी ओतून टाकणं जिवावर येतं, टँकरचे दिवस ज्यांनी काढलेत त्यांना तर पापच वाटतं. ओतू नका मग, झाका. न्हाणीघराच्या दाराला कडी वरच्या बाजूला लावा. आणि घराच्या मुख्य दाराला खाली अडीच-तीन फुटांची आडवी फळी किंवा छोटं फाटक बसवा. आमच्या लहानपणी रांगत्या पोरासाठी दारात फळी असायचीच. ती पद्धत का गेली, मला कळत नाही. तिनं किती पोरं राखली असतील.

मुलगा तीन वर्षांचा आहे, म्हणजे अंगणवाडीत जाऊ शकतो. ही गोष्ट साधी वाटेल, पण बांगलादेशात यावर मोठं काम झालंय. तिथं लहान मुलं बुडायची ती बहुतेक सकाळच्या वेळी, आई घरकामात आणि बाप शेतात असताना. त्यांनी गावोगावी 'आंचल' नावाची सांभाळघरं काढली. सकाळी नऊ ते दुपारी एक, गावातलीच एक बाई पोरांना सांभाळायची. जी मुलं तिथं जायची त्यांच्यातलं बुडून मरण्याचं प्रमाण ऐंशी टक्क्यांहून जास्त घटलं. ना मोठं यंत्र, ना औषध. कामाच्या वेळेत पोर कुणाच्या तरी ताब्यात, एवढंच. आपल्याकडं एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी चालू असताना घरात कुणाला श्वास घ्यायला फुरसत नसते. त्या दिवसांत अंगणवाडी चुकवू नका. अंगणवाडी सुटल्यावरच्या वेळेसाठी मजूर बायकांपैकी एकीला रोज देऊन फक्त पोरं सांभाळायला बसवा. त्यांचीही पोरं सोबत येतातच की, तीही राखली जातील.

आता शेततळं. आबांना विहीर माहीत आहे, आणि विहिरीबद्दल ते बोलतात त्यात तथ्य आहे. पण शेततळं ही विहीर नव्हे. विहिरीला पायऱ्या असतात, दगडी बांधकामात बोटं अडकवायला खाचा असतात, कपारी असतात. शेततळ्याला चारी बाजूंनी उतरता प्लॅस्टिकचा कागद. ओला झाला की निसरडा, वर शेवाळ धरलं की साबणासारखा. पट्टीचा पोहणाराही कडेपर्यंत येतो, पण वर चढू शकत नाही. चढतो, घसरतो, चढतो, घसरतो आणि दमतो. एक घसरला म्हणून दुसरा हात द्यायला जातो आणि तोही आत. एकाच घरातली दोन-दोन, तीन-तीन माणसं एका शेततळ्यात गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्या यामुळं. त्यात कित्येकांनी तळ्यात मासे सोडलेत. पोरांना मासे बघायचे असतात, काठावर ओणवं व्हावंच लागतं.

पुढच्या हंगामापर्यंत थांबण्यासारखं हे काम नाही. मालकांना सांगा, बागायतदाराच्या घरात निम्मं सामान आधीच पडलेलं असतं. जुने अँगल, तार, शेडनेट. बांधाच्या माथ्यावर चारी बाजूंनी अँगल रोवून चेनलिंकची जाळी ताणा. उंची चार फुटांच्या वर, खालून पोर सरपटणार नाही अशी जमिनीला टेकलेली. नुसत्या काटेरी तारा ओढू नका, तीन वर्षांचं पोर दोन तारांच्या मधून सहज जातं. आडव्या पट्ट्याही नकोत, पोरं त्यावर पाय देऊन चढतात. फाटक एकच, बाहेर उघडणारं, आपोआप मिटणारं, कुलूप लावलेलं. शेडनेट हे काही दिवसांपुरतं चालेल, कायमचं नाही, उन्हानं विरतं. फाटक बहुतेक वेळा उघडं राहतं ते मोटर चालू करायला किंवा ब्लोअर, म्हणजे फवारणीचं यंत्र, भरायला गेलेल्या माणसाकडून. जमलं तर स्टार्टर आणि ब्लोअर भरायचा पाइप जाळीच्या बाहेर घ्या, म्हणजे रोज आत जायची गरजच उरणार नाही.

जाळी झाल्यावरही आत पडलेल्याला बाहेर यायची सोय हवी. अंगठ्याएवढा जाड दोर घेऊन त्याला हात-हात अंतरावर गाठी मारा, वरचं टोक बांधावर खोल रोवलेल्या खुंटाला बांधा आणि दुसरं टोक पाण्यात सोडा. चारी बाजूंना असा एकेक. दोराला जुने टायर बांधले तर पाय द्यायलाही जागा होते. काठावर हवा भरलेली ट्यूब, घट्ट झाकणाचा रिकामा कॅन आणि लांब बांबू कायम ठेवा. कॅनच्या कडीला दोर बांधलेला असू द्या.

आबांशी बोलायचं तर भांडायचंच नाही. त्यांनाच विचारा, "आबा, तुम्ही शिकला तेव्हा विहिरीत अजून कोण कोण होतं?" ते सांगतील. चुलता खाली पाण्यात होता, थोरला भाऊ पायरीवर, कमरेला दोर, पाठीला डबा नाहीतर वाळका भोपळा, काही गावांत पांगिऱ्याचं हलकं लाकूड. ढकललं म्हणतात खरं, पण झेलायला खाली माणूस होता. म्हणजे त्यांनाही राखणीतच शिकवलं गेलं. ते ऐकून झालं की एवढंच म्हणा, "मग आबा, शेततळ्यावर तसं कोण आहे?" त्यांना बांधावर घेऊन जा आणि कागदावर बादलीभर पाणी ओतून दाखवा. वयस्कर माणसाला चुकीचा ठरवलं की तो हट्टाला पेटतो. त्याच्याच अनुभवाची साक्ष काढली तर जाळी ठोकायला तोच पुढं येतो, हे मी अनेक घरांत पाहिलंय.

तीन वर्षांच्या मुलाला पाण्यात टाकून भीती घालवायची, हे मात्र होऊ देऊ नका. एवढ्या लहान मुलाला पाण्याचं भय नसणं हाच धोका. जागतिक आरोग्य संघटना सहा वर्षांपुढच्या मुलांना पोहणं आणि पाण्यातली सुरक्षितता शिकवायला सांगते. तुमची मुलगी त्या वयाची आहे, तिला जरूर शिकवा. पायऱ्या असलेल्या विहिरीत किंवा तलावात, शेततळ्यात नको. आधी सूर मारणं नको, मुटका नको. पाठीवर पडून तरंगणं, श्वास सांभाळणं, वळून काठाला येणं, धरून वर चढणं. हे चार जमले की बाकी हळूहळू येतं. हवा भरायचे रंगीत पट्टे आणि चाकं मिळतात, ती खेळणी आहेत, त्यांच्या भरवशावर सोडू नका.

नणंदेच्या मुलांचं वेगळं. त्या वयाच्या पोरांना "जाऊ नका" म्हटलं की ती जातात, फक्त सांगून जात नाहीत. जगभरात बुडणाऱ्यांत मुलींपेक्षा मुलगेच जास्त, आणि या वयात एकमेकांना दाखवायची खुमखुमी असते. त्यांना पहिल्याच दिवशी बसवून खरं सांगा. आरफळ, टेंभू, म्हैसाळ, कुठलाही कालवा घ्या, आवर्तन, म्हणजे ठरलेल्या पाळीचं पाणी, सुटलं की वरून संथ दिसणारं पाणी पाय टिकू देत नाही. काँक्रीटचे काठ उतरते आणि गुळगुळीत, धरायला काही नाही. पुढं मोरी किंवा सायफन असेल तर तिथं ओढला गेलेला माणूस बाहेर येत नाही. कालव्यात उतरायचंच नाही, यात तडजोड नको.

नदीचं पाणी पोरांना ओळखीचं वाटतं, तिथंच फसगत होते. पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी चाळीस फुटांना गेलं की इशारा आणि पंचेचाळीसला धोका, हे आकडे सांगली जिल्ह्यात शाळकरी पोरालाही पाठ असतात. पण पोरं पाण्यात उतरतात ती मे महिन्यात, कृष्णा शांत असताना, आणि त्या शांत पाण्याला कुठलाच आकडा नसतो. वाळू उपसलेल्या ठिकाणी गुडघाभर पाण्यातून एक पाऊल पुढं टाकलं की डोक्यावरून पाणी. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला पाणी गोल फिरतं आणि माणसाला पुन्हा पुन्हा आत खेचतं. कोयना धरणातून पाणी सोडलं की पात्र बघता बघता भरतं. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ या पट्ट्यात मगरी आहेत, ही काही भीती घालायला रचलेली गोष्ट नाही. औदुंबरला दत्ताला गेलात तर घाटावर पाय धुवायलाही मोठ्यांसोबतच उतरा. पोरांची पोहण्याची हौस मारू नका. आठवड्यातून दोन दिवस मालकांनी किंवा आबांनी त्यांना पायऱ्यांच्या विहिरीवर स्वतः न्यावं. ठरलेला दिवस असला की चोरून जायचं कारण उरत नाही. त्यांच्यापैकी कुणाला फिट येत असेल तर नणंदेला आधी विचारून घ्या. फिट येणाऱ्या मुलाला पाण्यात क्षणभरही एकटं सोडायचं नाही, हौदावर अंघोळ करतानाही नाही.

कुणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी टाकायची नाही, हे लेकीला, भाच्यांना आणि मजुरांनाही सांगून ठेवा. आधी मोठ्यानं हाक मारून माणसं गोळा करायची. मग बांबू पुढं करायचा, तोही पालथं झोपून, म्हणजे आपण ओढले जात नाही. बांबू पोचत नसेल तर ट्यूब, कॅन, दोर, साडी, जे हाताला लागेल ते फेकायचं.

बाहेर काढल्यावरचं नीट वाचा, आणि कापून भिंतीला लावा. पाय धरून उलटं टांगायचं नाही, गरगरा फिरवायचं नाही, पोट दाबून पाणी काढायचं नाही. पोटातलं पाणी वर येऊन फुप्फुसात जातं आणि हातची मिनिटं वाया जातात. मिठात पुरून ठेवलं की बुडालेला जिवंत होतो, असा एक संदेश मोबाइलवर फिरत असतो, तो खोटा आहे. मुलाला फिरवत फिरवत दवाखान्यात आणलेलं मी पाहिलंय. त्या बापाची समज कमी नव्हती, त्याला दुसरं कुणी काही शिकवलंच नव्हतं.

मुलाचा जीव जातो तो हवा न मिळाल्यानं, म्हणून आधी हवा द्यायची. एकानं १०८ ला फोन लावायचा. दुसऱ्यानं मुलाला कडक जागेवर उताणं झोपवायचं, श्वास चालू आहे का हे दहा सेकंदांत बघायचं. नसेल तर कपाळ मागं, हनुवटी वर, नाक चिमटीत धरून तोंडावर तोंड ठेवून पाच वेळा श्वास द्यायचा. प्रत्येक वेळी छाती वर उचलली गेली पाहिजे. मग छातीच्या मधल्या हाडावर, खालच्या अर्ध्या भागात, तीस वेळा दाब. लहान मुलाला एका हाताचा तळवा पुरतो. छाती एक तृतीयांश आत जाईल इतका जोर, वेग मिनिटाला शंभर ते एकशेवीस. पुन्हा दोन श्वास, पुन्हा तीस दाब. तोंडातून फेस येत असला तरी पुसत बसू नका. मदत येईपर्यंत किंवा मूल श्वास घेईपर्यंत थांबायचं नाही. एकटेच असाल तर मिनिटभर हे करून मग फोन. श्वास चालू असेल पण शुद्ध नसेल तर कुशीवर वळवा. वाचून हे हातात बसत नाही. तुमच्या गावच्या आशाताईंना सांगून आरोग्य केंद्रात एकदा पुतळ्यावर करून बघा, आबांनाही न्या.

त्या दिवशी मुलाला दवाखान्यात नेलं होतं का, हे तुम्ही लिहिलं नाही. आता महिना झाला आणि तो हसतखेळत असेल तर घाबरू नका. पण पुन्हा कुणाच्याही बाबतीत, शुद्ध हरपली असेल किंवा नुसता खोकला राहिला असेल तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी दिसू शकतो.

आणि लेक. त्या दिवशी हौदाजवळ नऊ वर्षांचं मूल होतं आणि तीन वर्षांचं मूल होतं, दोघंही मूलच. तिच्यावर टाकलेलं काम तिच्या वयाचं नव्हतं. तुम्ही घाबरला होता, हात उठला, तुमच्या जागी मीही कदाचित तशीच वागले असते. पण ती आता मनात काय धरून बसली असेल याचा विचार करा. भाऊ माझ्यामुळं मरणार होता, हे ओझं तिनं एकटीनं उचललंय. म्हणून ती त्याला कडेवर घेत नाही. आपल्या हातून पुन्हा चूक होईल, ही भीती तिला आहे.

आज रात्री तिला कुशीत घेऊन स्पष्ट सांगा. "तुझी चूक नव्हती. राखण माझी होती, ती मी तुझ्यावर टाकली. मारलं ते माझं चुकलं. इथून पुढं भावाला सांभाळायचं काम मोठ्यांचं, तू फक्त काही दिसलं तर हाक मारायची." हे घरातल्या सगळ्यांसमोर एकदा म्हणा, म्हणजे पुन्हा कुणी तिला त्यावरून टोचणार नाही. हौदाला झाकण बसवाल त्या दिवशी ते ती स्वतः लावून बघू दे. मग सुट्टी लागली की एखाद्या सकाळी, ऊन चढायच्या आत, तिला आबांबरोबर विहिरीवर पाठवा. कमरेला दोर, पाठीला डबा, आबा खालच्या पायरीवर आणि मालक पाण्यात. तुम्हीही जा, वर काठावर बसा.